एकाच जाळ्याचे मानसशास्त्र

मालवण तालुक्यातील एका खेड्यातून शिकावयास बाहेर पडलेली एक मुलगी काही वर्षांपूर्वी मानसशास्त्र हा विषय घेऊन एम. ए. झाली, आणि पुढे संशोधन करण्याच्या इच्छेने एका विद्यापीठाच्या संशोधन-समितीपुढे उभी राहिली. तिच्या घराण्यात दोन पिढ्या दशावतारी नट होऊन गेले होते. तिने विषय मांडला तो असा : दशावतारी नटांपाशी लिहिलेली संहिता नसते, खेळाच्या आधी आख्यान ठरते, सोंगे वाटून दिली जातात, आणि मग रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत हे नट प्रेक्षकांसमोर संवाद रचीत राहतात, तेव्हा त्यांच्या स्मृतीचे, कल्पनेचे आणि एकमेकांकडे असलेल्या अवधानाचे कार्य कसे चालते, याचा शोध घ्यावा. समितीने तिला तीन प्रश्न विचारले. नमुन्यात व्यक्ती किती? प्रमाणित प्रश्नावली कोणती? कोणकोणत्या चलांमधील सहसंबंध काढणार? या तिन्ही प्रश्नांस तिच्यापाशी उत्तर नव्हते. कारण तिला जे जाणून घ्यावयाचे होते त्याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. अखेरीस तिने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान आणि त्यांचा परीक्षेचा ताण यांच्या संबंधाविषयी प्रबंध लिहिला. पदवी मिळाली. ज्या वृद्ध नटापासून ती आपल्या मूळ कामास आरंभ करणार होती, ते दरम्यानच्या काळात निवर्तले.

ही हकीकत आम्हांस तिच्याच तोंडून कळली. समितीतील मंडळी दुष्ट होती असे तिचेही म्हणणे नाही आणि आमचेही नाही. ती आपले कर्तव्य प्रामाणिकपणे करीत होती, आणि हेच अधिक चिंतेचे आहे. दुष्टपणाने दिलेला निर्णय अपवाद म्हणून सोडून देता येतो. प्रामाणिक माणसे जेव्हा सर्वच्या सर्व एका दिशेने चुकतात, तेव्हा चूक त्यांच्या शास्त्रकल्पनेत असते. ती शास्त्रकल्पना थोडक्यात अशी सांगता येईल : मानसशास्त्र हे शास्त्र आहे, शास्त्र म्हणजे मोजमाप, मनाचे मोजमाप म्हणजे प्रश्नावली, आणि प्रश्नावलीत जे सापडत नाही ते साहित्य, तत्त्वज्ञान किंवा नुसत्या गप्पा. यांपैकी पहिले विधान आम्हांस मान्य आहे. दुसरे अर्धे खरे आहे. तिसऱ्या व चौथ्या विधानांस सोयीपलीकडे कसलाही आधार नाही, आणि आमच्या विद्यापीठांतील पुष्कळसे संशोधन त्यांच्यावरच उभे आहे. प्रश्नाने पद्धती निवडावी, पद्धतीने प्रश्न निवडू नये, एवढेच आम्हांस या लेखात सांगावयाचे आहे. गोष्ट साधी आहे. पण ती न पाळल्यामुळे जे नुकसान होत आहे ते साधे नाही.

इंग्लंडातील ज्योतिःशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एका मत्स्यशास्त्रज्ञाचा दृष्टान्त दिला आहे. हा गृहस्थ दोन इंची आसाचे जाळे समुद्रात टाकतो, हाती लागलेले मासे मोजतो, आणि असा सिद्धान्त मांडतो की दोन इंचांहून लहान जलचर अस्तित्वातच नाहीत. कोणी शंका काढली तर तो उत्तर देतो की, माझ्या जाळ्यात जो येत नाही तो माझ्या शास्त्रापुरता मासाच नव्हे. एडिंग्टन यांनी हा दृष्टान्त पदार्थविज्ञानाच्या ज्ञानाचे स्वरूप स्पष्ट करण्यासाठी योजिला होता. आम्ही तो मालवणच्या किनाऱ्यावर आणून पाहतो. तेथील कोणत्याही मच्छीमारास तो सांगितला तर तो हसेल. किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढावयाची रापण वेगळी, होडीतून सोडावयाची कांडाळ वेगळी, उथळ पाण्यात फेकावयाचा पाग वेगळा, आणि जेथे जाळे खडकाला अडकून फाटेल तेथे गळच टाकावा लागतो. बांगड्याचे जाळे सुरमईस चालत नाही, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. जे त्या अशिक्षित म्हणविल्या गेलेल्या मनुष्यास समजते, ते आमच्या सुशिक्षित समित्यांस समजत नाही, हे मोठे नवल आहे.

कोणी म्हणेल की, एक पद्धती निश्चित करणे ही शास्त्राच्या प्रौढपणाची खूण आहे. मानसशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांचे वर्तन याच्या अगदी उलट होते. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापिली, एवढे प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. परंतु त्याच वुंट यांचे मत असे होते की, प्रयोगाने मनाचे साधे व्यापारच हाती लागतात. भाषा, पुराणकथा, चालीरीती यांतून व्यक्त होणारे उच्च व्यापार समजून घ्यावयाचे तर इतिहासाची आणि तुलनेची कास धरली पाहिजे. त्यासाठी त्यांनी १९०० ते १९२० या काळात लोकमानसशास्त्राचे दहा खंड लिहिले. ते खंड आमच्या पाठ्यपुस्तकांतून नाहीसे झाले आणि प्रयोगशाळेचे तेवढे साल उरले. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्मृतीविषयीचा आपला युगप्रवर्तक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील प्रयोगांस पात्र एकच होते आणि ते म्हणजे स्वतः एबिंगहाउस. आल्फ्रेद बिने यांच्या नावाने तर आज जगभर बुद्धिमापन चालते. त्यांची श्रेणी १९०५ सालची. पण तत्पूर्वी १८९४ साली त्यांनी विलक्षण गणिती स्मरणशक्तीच्या आणि डोळ्यांवर पट्टी बांधून बुद्धिबळ खेळणाऱ्या थोड्याशा व्यक्तींचा बारकाईने अभ्यास केला होता, आणि १९०३ साली आपल्या दोन मुलींच्या विचारपद्धतीवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला होता. मोजण्यापूर्वी काय मोजावयाचे हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहून घेतले होते. हे तिघेही आमच्या त्या समितीपुढे आले असते, तर तिघांसही विषय बदलून आणण्यास सांगण्यात आले असते.

मग हे शास्त्र एवढे अरुंद कसे झाले? त्यास एक सबळ कारण होते, आणि ते आम्ही लपवीत नाही. अन्तर्निरीक्षणाच्या पद्धतीने एका प्रयोगशाळेस जे दिसे ते दुसरीस दिसत नसे, आणि वाद मिटविण्याचा उपाय कोणापाशीच नव्हता. १९१३ साली जॉन वॉटसन यांनी मन हा शब्दच टाकून केवळ वर्तनाचा अभ्यास करावा असे जाहीर केले, ते या वैतागातून. औषध जहाल होते. रोगही खरा होता. आमच्याकडे मात्र रोग न होताच औषध आले. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला. पुणे विद्यापीठात १९५० साली प्रा. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्या पिढीने उपकरणे जुळवून खरोखर प्रयोग केले. पुढे महाविद्यालये वाढली, उपकरणांस पैसा नव्हता, आणि प्रश्नावली ही सर्वांत स्वस्त ठरली. परदेशी श्रेणी मिळवावी, तिचे भाषान्तर करावे, वर्गातील दोनशे मुलांकडून ती भरून घ्यावी, आणि संगणकास आकडे घालावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या संशोधनास गुण देण्याची पद्धत नियमांत घातली, तेव्हा या स्वस्त मालास बाजारही मिळाला. ते नियम पुढे बदलले. लागलेली सवय बदलली नाही.

आम्ही मोजमापाचे शत्रू नाही. वि. वि. कामत यांनी धारवाड येथे बिने यांच्या श्रेणीचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपान्तर केले आणि १९४० साली भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावर ग्रंथ प्रसिद्ध केला. परकी प्रश्न जसेच्या तसे न घेता येथील मुलांना त्यांतले काय कळते आणि काय कळत नाही हे तपासून, प्रश्न बदलून, त्यांची चढण पुन्हा लावून त्यांनी ते काम केले. यास आम्ही मोजमाप म्हणतो. पण त्यांनी लावून दिलेली मानके इतकी दशके लोटल्यावर आजच्या मुलास लावणे, याचा कामतांच्या पद्धतीशी काही संबंध नाही. पिढीगणिक बुद्धिमापनाचे गुण वाढत जातात आणि मानके शिळी होतात, हे जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली अमेरिकेविषयी आणि १९८७ साली अनेक देशांविषयी दाखवून दिले आहे. मोजपट्टी तयार करण्यास जी बुद्धी लागते, तीच मोजपट्टी केव्हा टाकून द्यावी हे ठरविण्यासही लागते.

आता आमच्या विद्यार्थिनीच्या मूळ विषयाकडे वळू. कारण 'मग त्याचा अभ्यास करावयाचा तरी कसा?' असा प्रश्न विचारला जाईल, आणि तो रास्त आहे. कार्तिकात सिंधुदुर्गातील देवळांच्या जत्रा सुरू होतात, आणि तेव्हापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत दशावतारी मंडळ्या गावोगाव खेळ करीत असतात. आरंभी गणपती, ऋद्धि-सिद्धि, सरस्वती, संकासुर यांची सोंगे येतात. हा भाग बराचसा ठरलेला असतो. पुढे आख्यान लागले की नटाच्या हाती असते ते केवळ कथेचे सूत्र. समोरचा काय बोलला ते ऐकून त्याने तेथल्या तेथे उत्तर रचावयाचे, पेटीवाल्याशी आणि मृदंगवाल्याशी संधान राखावयाचे, प्रेक्षक पेंगू लागले तर प्रसंग आवरावयाचा, रंगले तर वाढवावयाचा, आणि पहाटे दहीकाल्याच्या वेळेस कथा पुरी करावयाची. या नटाच्या मनात नेमके काय साठविलेले असते? वाक्ये, की प्रसंग, की प्रसंगांचे साचे? तेच आख्यान तीच मंडळी दुसऱ्या गावी करते, तेव्हा किती शब्द तेच राहतात? पोरवयाचा नट हे सर्व कोणत्या क्रमाने शिकतो? स्मृती आणि निर्मिती यांच्या संबंधाविषयी याहून चांगले प्रश्न कोणत्या प्रयोगशाळेत निघाले असते?

हे प्रश्न जगाच्या शास्त्रास अपरिचितही नाहीत. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली स्मृतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात एक परकी लोककथा इंग्रज वाचकांच्या आठवणीत पुनःपुन्हा कशी नव्याने घडत जाते हे दाखविले, आणि त्यासाठी सांख्यिकीचा आधार जवळजवळ घेतलाच नाही. मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातील वीरगाथा गाणाऱ्या निरक्षर गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. आपण ऐकलेले गाणे शब्दशः तसेच गातो, असे एक गायक छातीठोकपणे सांगे. ध्वनिमुद्रणे ताडून पाहता शब्द निराळे निघाले. १९६० साली लॉर्ड यांनी या सर्वाचा ग्रंथ केला, आणि पुढे डेव्हिड रुबिन या मानसशास्त्रज्ञाने १९९५ साली मौखिक परंपरांतील स्मृतीचा स्वतंत्र विचार मांडला. येथे ध्यानात घ्यावे की, गायकाची नुसती मुलाखत घेतली असती तर चुकीचे उत्तर मिळाले असते, आणि नुसती ध्वनिमुद्रणे मोजली असती तर गायकास 'तेच' या शब्दाचा अर्थ काय वाटतो हे कधीच कळले नसते. दोन्ही केले म्हणून सत्य हाती आले. आमच्या विद्यार्थिनीस हेच करता आले असते. एकाच मंडळीचे एकच आख्यान पाच गावी ध्वनिमुद्रित करावे आणि शब्दांची मोजदाद करावी. नटास त्याचेच ध्वनिमुद्रण ऐकवून त्याची मुलाखत घ्यावी. एक हंगाम मंडळीबरोबर हिंडून नवशिके कसे घडतात ते पाहावे. आणि शेवटी समोरचा ओळखीचा नट बदलून दुसरा उभा केला तर काय होते, याचा लहानसा प्रयोगही करावा. यात मोजणी आहे, संभाषण आहे, सहवास आहे आणि प्रयोगही आहे. अशा कामास सहा नट पुरेत; दोनशे विद्यार्थी काय कामाचे?

आता भाषान्तरित श्रेणीने काय घडते याचे एक उदाहरण घेऊ. ज्युलियन रॉटर यांनी १९६६ साली माणसाच्या नियंत्रणकेंद्राची श्रेणी प्रसिद्ध केली. आयुष्यात जे घडते ते आपल्या कर्तृत्वाने घडते असे मानणारा अन्तर्नियंत्रित, आणि दैवाने वा बाहेरच्या शक्तीने घडते असे मानणारा बाह्यनियंत्रित. आणि पाठ्यपुस्तके दुसऱ्यास उदासीनतेकडे व असहायतेकडे कललेला समजतात. ही श्रेणी मालवणच्या तांडेलापुढे ठेवली तर तो काय म्हणेल ते सांगावयास ज्योतिषी नको. तो म्हणेल, "आमच्या हातात काय आसा? सगळा दर्याच्या हातात!" झाले; तो बाह्यनियंत्रित ठरला. परंतु हाच मनुष्य तिथीवरून उधाण आणि भांग ओळखतो, मतलई वाऱ्यावर होडी लोटतो, आभाळ पाहून परत फिरतो, आणि पावसाळ्यात नारळी पौर्णिमेची वाट पाहत जाळी विणीत बसतो. दर्या आपल्या हातात नाही हे जाणणे, हाच त्याच्या कर्तृत्वाचा पाया आहे. ज्याला ते कळत नाही तो तांडेल फार दिवस जगत नाही. रॉटर यांची श्रेणी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही; ज्या अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी ती बनली त्यांच्याविषयी ती काही तरी खरे सांगत असेल. पण येथे तिने शहाणपणास असहायता म्हटले, आणि संशोधकाने एक तासही बंदरावर घालविला नाही म्हणून ही चूक त्यास दिसली नाही. २०१० साली जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात असा हिशेब दिला आहे की, मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांतील अभ्यासांचे ९६ टक्के पात्र जगाच्या अवघ्या १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतील होते. त्या १२ टक्क्यांवरून घेतलेले माप उरलेल्यांस बेतून न पाहता घालणे, यासच आमच्याकडे प्रमाणित साधन वापरणे म्हणतात.

प्रतिपक्षाचे म्हणणे आम्हांस ठाऊक आहे, आणि ते हलके नाही. ते असे की, आकडे आणि प्रयोग सोडले की संशोधक स्वतःस जे हवे तेच पाहू लागतो. याचा प्रसिद्ध दाखला बर्लिनच्या हान्स नामक घोड्याचा. तो खुराने ठोके देऊन गणिते सोडवितो असा त्याच्या मालकाचा प्रामाणिक विश्वास होता आणि विद्वानांनीही तो मानला होता. ऑस्कर पफुंग्स्ट यांनी १९०७ साली सिद्ध केले की, प्रश्न विचारणाऱ्याच्या मस्तकाची नकळत होणारी सूक्ष्म हालचाल पाहून घोडा थांबतो; विचारणाऱ्यासच उत्तर ठाऊक नसले की घोड्यासही ते येत नाही. हा दाखला आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. परंतु पफुंग्स्ट यांनी केवळ प्रयोग केला नाही. त्यांनी विचारणाऱ्यांकडे दिवसचे दिवस निरखून पाहिले, आणि पुढे स्वतः घोड्याच्या जागी बसून, समोरच्याने मनात धरलेली संख्या त्याच्या हालचालींवरून ठोके देऊन ओळखली. त्यांचा विजय हा तीन पद्धतींचा विजय आहे. दुसरा दाखला पॉल मील यांचा. रोग्याचे पुढे काय होईल याचे भाकीत अनुभवी चिकित्सकाच्या अंदाजापेक्षा साध्या हिशेबाने बहुधा अधिक बरोबर येते, असे त्यांनी १९५४ साली दाखविले. हेही मान्य, जेथे भाकीत करावयाचे तेथे हिशेबच करावा, आणि आपल्या अन्तःस्फूर्तीचा डौल मिरवू नये. पण त्याच मील यांनी १९६७ आणि १९७८ साली, मानसशास्त्रज्ञ ज्या सांख्यिकी कसोट्यांस शास्त्राचे सर्वस्व समजतात त्यांच्यावर याहून कठोर टीका केली आहे. आकड्यांच्या कैवाऱ्यांनी आपल्या या सेनापतीचे पुढचे लेख वाचले नाहीत असे दिसते.

शिवाय आकड्यांनी तरी निश्चिती येते काय? २०१५ साली अनेक देशांतील संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सांख्यिकी दृष्टीने लक्षणीय होता. पुन्हा केले तेव्हा तो ३६ टक्क्यांत मिळाला. हे शोधून काढणारेही मोजणारेच होते, हे आम्ही त्यांच्या गौरवासाठी नमूद करतो. परंतु त्यावरून एवढे सिद्ध होते की, पद्धतीचे नाव ही सत्याची हमी नव्हे. हमी असते ती काटेकोरपणाची, आणि काटेकोरपणा मुलाखतीत असू शकतो तसा तो प्रयोगातून नाहीसाही होऊ शकतो.

येथवर वाचून ज्यांना आनंद झाला असेल, त्यांतील एका पक्षाचा आनंद आम्हांस कमी केला पाहिजे. २००२ साली पुदुच्चेरी येथे जमलेल्या मानसशास्त्रज्ञांनी भारतीय मानसशास्त्राचा जाहीरनामा काढला, आणि आमचे मानसशास्त्र बहुतांशी पाश्चात्त्यांची नक्कल आहे अशी खंत व्यक्त केली. खंत खरी होती. पण तिच्या आड आता असेही लोक दिसू लागले आहेत की, जे प्राचीन आहे ते तपासावयाचे नाही आणि जे तपासावयाचे ते पाश्चात्त्य, अशी त्यांची समजूत. सिंधुदुर्गात देवळात कौल लावतात, तरंग निघतात, अवसार येतात. अवसार आलेल्या मनुष्याच्या शरीरात आणि मनात काय होते, तो तेव्हाचे पुढे किती आठवतो, गाव त्याच्या बोलण्यातून काय ऐकतो, हे मानसशास्त्राचे अस्सल प्रश्न आहेत. त्यांस रोग म्हणून झटकून टाकणारा आणि दैवी म्हणून हात जोडणारा, असे दोघेही तपासाच्या आधीच निकाल देऊन मोकळे होतात. पॉल फायराबेंड यांनी १९७५ साली पद्धतीविरुद्ध बंड पुकारले, त्याचा सोयीचा अर्थ घेऊन कोणी 'काहीही चालेल' म्हणेल, तर आमचे त्याच्याशी पटणार नाही. आमच्या नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. चारांचे प्रान्त वेगळे ठेवले, आणि प्रत्येकात दोष कोठे शिरतो याची चर्चा शतकानुशतके केली. प्रमाणे अनेक आणि प्रत्येकास शिस्त, हा विचार ज्या परंपरेत आहे तिचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तपासास भिऊ नये. आणि केवळ एकच प्रमाण मानणारा चार्वाक ज्यांस एकांगी वाटतो, त्यांनी विद्यापीठात बसून तेच करू नये.

हा सर्व पंडितांचा वाद आहे, असे कोणास वाटेल तर त्याने पत्रादेवी ओलांडून गोव्यात जावे. सिंधुदुर्गातील पुष्कळ रुग्ण उपचारासाठी बांबोळीस जातातच. गोव्यात १९९६ साली 'संगत' ही संस्था निघाली, आणि डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनी तेथे मानसिक आजारांविषयी काम आरंभिले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात खिन्नतेने ग्रासलेल्या स्त्रियांचे म्हणणे सविस्तर ऐकून घेतले आहे. त्या 'मी उदास आहे' असे क्वचितच म्हणत; अंगदुखी, थकवा, झोप न येणे आणि 'टेन्शन' या शब्दांत त्या बोलत, आणि त्याचा संबंध घरच्या अडचणींशी जोडीत. ही झाली ऐकण्याची पायरी. पुढे याच प्रान्तात, मानसतज्ज्ञ नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी उपचारात भाग घेतल्यास गुण येतो काय, याची रीतसर चाचणी २४ आरोग्यकेंद्रांत झाली आणि तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत गुण आला. खाजगी दवाखान्यांत विशेष फरक दिसला नाही, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे छापले गेले. नुसते ऐकून थांबले असते तर उपचार लागू पडतो की नाही हे कळले नसते. न ऐकताच चाचणी घेतली असती तर जी बाई 'अंगात त्राण नाही' म्हणून आली, ती उदासीनतेच्या प्रश्नास 'नाही' म्हणून खूण करून औषधाविना घरी गेली असती. पद्धतींच्या वादात काय पणास लागलेले असते, ते या बाईवरून ध्यानात यावे.

मराठी माणसास हा मार्ग नवा नाही. त्रिं. ना. आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला तो वर्षानुवर्षे खेडी पाहून. ना. गो. चापेकर यांनी १९३३ साली बदलापूर या एका गावावर मोठा ग्रंथ केला. एकच गाव, पण त्यात मोजणीही आहे आणि माणसांचे बोलणेही आहे. इरावती कर्वे यांनी माणसांच्या शरीराची मापे घेतली, नात्यांचे शब्द गोळा केले, आणि वारीबरोबर पायी चालून जे दिसले तेही लिहिले. त्यामुळे त्यांची मापे काही कमी शास्त्रीय झाली नाहीत. ही परंपरा समाजशास्त्रात आणि मानवशास्त्रात थोडीफार टिकली. मानसशास्त्राने मात्र ती शेजारच्या घरची म्हणून दाराबाहेर ठेवली आहे.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. संशोधन-समितीने विद्यार्थ्यास प्रथम 'तुला काय जाणून घ्यावयाचे आहे?' असे विचारावे आणि 'नमुना किती?' हे मागाहून. दुसऱ्या देशाची श्रेणी घेणाऱ्याने ती येथील माणसांस काय अर्थाने समजते याचा पुरावा प्रबंधात द्यावा. न दिल्यास प्रबंध परत करावा. मुलाखत, निरीक्षण आणि सहवास या पद्धती सांख्यिकीइतक्याच कडकपणे शिकवाव्या आणि त्यांची परीक्षाही तितकीच कडक घ्यावी. कारण आज जे विद्यार्थी आकड्यांच्या भीतीने मुलाखतीकडे वळतात त्यांचे काम बहुधा तितकेच निःसत्त्व असते. आणि सिंधुदुर्गातील मूल मालवणी बोलत असेल, तर त्याच्या मनाचा शोध मालवणीत घ्यावा. इंग्रजीतून पुस्तकी मराठीत आणि पुस्तकी मराठीतून त्याच्या कानापर्यंत येता येता प्रश्नाचे काय होते, हे आधी पाहावे. यांपैकी एकाही गोष्टीस मोठा खर्च लागत नाही. पुढल्या कार्तिकात जत्रा पुन्हा सुरू होतील आणि पेटारे घेऊन मंडळ्या निघतील. त्यांत अजून असे नट आहेत की ज्यांनी जुन्यांबरोबर कामे केली आहेत. त्यांच्यापाशी बसून ऐकण्यास एखादी विद्यार्थिनी पुन्हा तयार झाली, तर निदान या वेळी तिला कोणी परत पाठवू नये.